शेवगा ताटात हवा, गोळ्यांच्या जागी नको

गल्लीचा ग्रुप असो, तालमीचा असो की भिशीचा, कोल्हापुरात सगळीकडे एक मेसेज फिरतोय: शेवग्याच्या पाल्यात दुधाच्या 17 पट कॅल्शियम, पालकाच्या 25 पट लोह, संत्र्याच्या 7 पट 'क' जीवनसत्त्व. रोज चमचाभर पावडर घ्या, 300 आजार पळतील, शुगर-बीपीच्या गोळ्या सुटतील. मुळाचा काढाही घ्या.

आधी 17 पटीचा हिशेब. ताज्या पाल्यात पाऊण हिस्सा पाणीच असतं. वाळवल्यावर पाणी जातं आणि बाकीचं दाटतं. 100 ग्रॅम पावडरीत साधारण 2,000 मिलिग्रॅम कॅल्शियम, तेवढ्याच दुधात 120. आकडा खोटा नाही, पण 100 ग्रॅम पावडर खातं कोण? चहाचा चमचा म्हणजे तीनेक ग्रॅम, त्यात 60 मिलिग्रॅम. गंगावेशीच्या कट्ट्यावर दुधाचा एक ग्लास घेतला तर 240च्या आसपास मिळतं.

लोहाचे 25 पटही वाळल्या पाल्याचेच. त्यात भाजीपाल्यातलं लोह अंगी कमी लागतं. लिंबू पिळलं तर जास्त, जेवणावर लगेच चहा घेतला तर आणखी कमी.

'क' जीवनसत्त्वाचे 7 पट मात्र ताज्या पाल्याचे. वाळवताना ते बरंचसं उडून जातं. म्हणजे एकाच मेसेजात सोयीनं कधी ओला पाला, कधी सुका.

300 आजारांचं म्हणाल तर बहुतेक प्रयोग उंदरांवर किंवा काचेच्या नळीत झालेत. माणसांवरचे थोडे, तेही लहान. रक्तातली साखर थोडी उतरल्याचं काहींत दिसलं, पण तेवढ्यावर गोळी बंद करणं जिवावरचा खेळ आहे. मला राग येतो तो याच ओळीचा, कारण मेसेज वाचून गोळ्या सोडणारे आपल्याच घरातले मामा, आत्या असतात. उलट गोळी चालू ठेवून वर पावडर घेतली तर साखर जास्तच खाली येऊ शकते. रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पावडर सुरू करूच नये, पाल्यात 'के' जीवनसत्त्व भरपूर असतं आणि ते या गोळीचा परिणाम कमी करतं.

पाला खाच, माझं काही म्हणणं नाही. कोवळे डहाळे ओरबाडून, भिजवलेली मूगडाळ आणि ठेचलेला लसूण घालून परतलेली भाजी भाकरीबरोबर झकास लागते. फुलांची तर त्याहून. परसात झाड असताना महागडी डबी कशाला?

मेसेजातली शेवटची ओळ, 'मुळाचा काढाही घ्या', ही मात्र पुढे पाठवूच नका. मुळाच्या सालीत विषारी द्रव्यं असतात. गरोदर बाईनं तर त्याच्या वाटेलाही जाऊ नये.