'बेडलम'चा 'बेड'शी संबंध नाही

'बेडलम' म्हणजे इंग्रजीत प्रचंड गोंधळ. मनोरुग्णांना 'बेड'ला बांधून ठेवत, त्यावरून हा शब्द आला, असा मेसेज फिरतोय. ते खरं नाही. १२४७ साली लंडनमध्ये बेथलेहेमच्या मेरीच्या नावाने मठ स्थापन झाला, पुढे तिथे मनोरुग्णांना ठेवू लागले. लोकांच्या तोंडी 'बेथलेहेम'चं 'बेथलेम', मग 'बेडलम' झालं. ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशातही हीच व्युत्पत्ती आहे. अठराव्या शतकात तिथले रुग्ण 'बघायला' गर्दी लोटायची, हे मात्र खरं. वाचताना आजही पोटात कालवतं. बेथलेम रुग्णालय अजून चालू आहे, १९३०पासून लंडनजवळच्या बेकनहॅमला. तिथे माणसं उपचार घेतात. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर आला असेल तिथे हा खुलासा टाका.