आधी पटकथा लिहा, मग नावं सांगा

चार नख्या. डाव्या हाताला चार नख्या! वुल्व्हरिन म्हणजे मार्वलचा दोन्ही मुठींतून तीन-तीन नख्या काढणारा नायक. काल रात्री एका नटाचा चेहरा लावून 'नव्या वुल्व्हरिनचं अधिकृत पोस्टर' म्हणून जे सगळीकडे फिरत होतं, त्यात उजव्या मुठीतून तीन नख्या निघाल्यात आणि डाव्या मुठीतून चार. पिवळा-निळा पोशाख, पाऊस, मागे जळतं शहर, खाली ठसठशीत अक्षरांत तारीख आणि स्टुडिओचा लोगो. लोक त्यावर बदामांचा वर्षाव करतायत, 'अखेर!' म्हणून रडतायत, आणि एकालाही त्या नख्या मोजाव्याशा वाटत नाहीत. ज्या माणसावर इतका जीव टाकता, त्याच्या मुठीकडे एकदा बघा तरी!

मी आमच्या ग्रुपवर तेवढंच लिहिलं. हे मशीननं काढलेलं चित्र आहे, नख्या मोजा. त्यावर काय उत्तर यावं? "अगं, खोटं असू दे ना, पण शोभतोय की नाही ते सांग."

नाही. खोटं असू देणार नाही. या एका वाक्यानं माझं डोकं फिरलंय आणि रात्रभर ते शांत झालेलं नाही. शोभतोय म्हणजे काय? चित्र काढणाऱ्या मशीनला कुणाचाही चेहरा दिला तर तो शोभेलच, त्यासाठीच तर ते बनवलंय. नट शोभतो तो पडद्यावर. दुसऱ्या माणसाशी बोलताना, गप्प बसताना, मार खाताना. पोस्टरवर सगळेच शोभतात.

मग भांडण पेटलं. एक म्हणे हा फार उंच आहे, कॉमिक्समधला लोगन, म्हणजे वुल्व्हरिनच, पाच फूट तीन इंचांचा. दुसरा म्हणे मग आधीचा वुल्व्हरिन ह्यू जॅकमन सहा फुटांच्या वर असून कसा चालला? तिसऱ्यानं त्या नटाची कुठलीशी मुलाखत शोधून आणली आणि त्याचा आवाज किती पातळ आहे हे सिद्ध करायला घेतलं. माझ्या वाट्याला नेहमीचं आलं, "तू कॉमिक्स वाचतेस की नुसते सिनेमे बघतेस?" दोन वाजेपर्यंत एकमेकांची अक्कल काढून झाली आणि दोघं ग्रुप सोडून गेले. बाजारात तुरी! त्या नटाला कुणी साधं विचारलंय याचाही पुरावा नाही. आणि त्याच्या नावानं माणसं वर्षानुवर्षांची मैत्री तोडून मोकळी झाली.

पण मित्रांवर किती चिडणार? ही सवय आपल्याला लावली कुणी? २६ मार्च २०२५ आठवा, मार्वलनं 'अ‍ॅव्हेंजर्स: डूम्सडे'मधले नट ऑनलाइन जाहीर केले तो दिवस. पाठीवर नावं लिहिलेल्या खुर्च्या. एक खुर्ची, कॅमेरा हळूहळू सरकतो, दुसरी खुर्ची. साडेपाच तासांच्या आसपास हे चाललं. शेवटी सत्तावीस नावं झाली. आणि आपण जगभर कामधंदा सोडून ते बघत बसलो. जुन्या एक्स-मेन सिनेमांतल्या पॅट्रिक स्टुअर्टची खुर्ची आली तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला, इयन मॅकेलनच्या वेळीही आला. त्याच सिनेमांतल्या सायक्लॉप्सला आजवर कधी न्याय मिळाला नाही, त्यामुळे तो करणाऱ्या जेम्स मार्सडनचं नाव बघून मला खरंच भरून आलं. पण त्या अख्ख्या प्रकारात गोष्टीबद्दल एक वाक्य होतं का? ही माणसं एका खोलीत का येणार, कुणाचं काय पणाला लागलंय, सत्तावीस जणांना बोलायला वेळ कुठून मिळणार? काही नाही. नावं दिली की आपण खूश होतो, हे त्यांनी आपल्याकडूनच शिकून घेतलंय.

आणि त्या आधीचा जुलै. २७ जुलै २०२४, सॅन डिएगोचं कॉमिक-कॉन संमेलन. स्टेजवर हिरव्या झग्यातल्या मुखवटाधाऱ्यांची रांग, त्यातला एक मुखवटा काढतो आणि आत रॉबर्ट डाउनी ज्युनियर. आपला आयर्न मॅन, आता खलनायक डॉक्टर डूम म्हणून. हॉल फुटायचा बाकी होता. मी मात्र घरी सुन्न बसले होते. मला हा नट मनापासून आवडतो. २०१९ मध्ये त्याचा टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, गेला तेव्हा मी थिएटरात हमसून हमसून रडले, दिवे लागले तरी उठवेना. आणि म्हणूनच हा निर्णय मला टोचतो. तो मृत्यू मी खरा मानला होता. ते माझं दुःख होतं. आता त्याच चेहऱ्यावर हिरवी टोपी घालून पुढचं तिकीट विकणार?

डॉक्टर डूम हा काही भरतीचा खलनायक नाही. १९६२ साली स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी तो आणला तेव्हापासून मार्वलच्या दुनियेत त्याच्या तोडीचा दुसरा कुणी झालेला नाही. रोमा कुटुंबातला पोरका मुलगा, आई मेफिस्टो नावाच्या सैतानाच्या तावडीत, तिचा आत्मा सोडवायला विज्ञानही शिकतो आणि जादूही, लॅटव्हेरियाचा राजा होतो, आणि आपला चेहरा जगाला दिसू देत नाही. त्याचा अख्खा अहंकार त्या झाकलेल्या चेहऱ्यात आहे! आणि यांनी पहिली गोष्ट काय केली, तर चेहरा दाखवला. गोष्ट सुरू व्हायच्या आधी, स्टेजवर, टाळ्यांसाठी. कुणी म्हणतं कॉमिक्समध्येही २०१६ च्या सुमाराला डूमनं आयर्न मॅनचं चिलखत घातलं होतं. घातलं होतं, मी वाचलंय. पण तिथे तो व्हिक्टरच, म्हणजे मूळ डूमच, होता, स्वतःच्या पापांचं ओझं घेऊन चांगलं वागायचा प्रयत्न करणारा. टोनीचा चेहरा उसना घेऊन आलेला नव्हता.

आणि हे सगळं कशासाठी, तर भोक बुजवायला. आधी कँग नावाचा खलनायक होता. दोन सीझनची मालिका आणि एक अख्खा सिनेमा खर्चून त्याला उभा केला, पुढच्या 'अ‍ॅव्हेंजर्स'ला त्याचंच नाव दिलं होतं. डिसेंबर २०२३ मध्ये कँग करणारा जोनाथन मेजर्स न्यायालयात दोषी ठरला, स्टुडिओनं त्याला काढलं, ते योग्यच केलं. पण मग दुसरा नट घ्या ना! हल्क म्हणून एडवर्ड नॉर्टनच्या जागी मार्क रफलो आला, आयर्न मॅनचा मित्र म्हणून टेरेन्स हॉवर्डच्या जागी डॉन चीडल आला, कुणाचंही काही अडलं नाही. दरवेळी मल्टिव्हर्स मल्टिव्हर्स करता, अनेक समांतर जगांत एकाच माणसाचे शंभर व्हेरिएंट असू शकतात म्हणता, आणि नेमक्या त्या पात्राला दुसरा चेहरा देता येत नाही? गोष्टीवर विश्वास असता तर दिला असता. विश्वास फक्त डाउनीच्या नावावर आहे. 'डूम्सडे'ची तारीखही मे २०२६ वरून १८ डिसेंबर २०२६ वर गेली, ती गोष्ट नीट करायला गेली असेल तर मी आणखी वर्षभर थांबायला तयार आहे, शपथेवर सांगते.

अशी शंका काढली रे काढली की एक जण उठणारच. "हीथ लेजरच्या वेळीही लोक असेच बोलले होते." या वाक्याचा मला आता शारीरिक त्रास होतो. हो, बोलले होते. २००६ मध्ये बॅटमनच्या सिनेमातला जोकर म्हणून त्याचं नाव आलं तेव्हा थट्टा झाली, नंतर त्याला मरणोत्तर ऑस्कर मिळालं. १९८८ मध्ये मायकेल कीटन बॅटमन होणार म्हटल्यावर पन्नास हजारांच्या आसपास निषेधाची पत्रं गेली असं सांगतात, आणि तोही उत्तम निघाला. मान्य. पण लेजर का चालला? कारण दिग्दर्शक नोलनच्या हातात लिहिलेला जोकर होता. त्याला भूतकाळ द्यायचा नाही हे पक्कं होतं, व्रणांची गोष्ट दरवेळी वेगळी सांगायची हे पक्कं होतं, बॅटमनसमोर तो कशासाठी उभा आहे हे पक्कं होतं. त्यात लेजरनं जीव ओतला. आठ वर्षांनी जॅरेड लेटोचा जोकर आला. तोही मेहनती, तोही ऑस्करवाला, पण त्याला सिनेमात करायलाच काही नव्हतं. त्याचं नाव या वादात कुणी का घेत नाही? लेजरचं नाव घेऊन प्रत्येकाचं तोंड बंद करणं थांबवा. तो माणूस अठ्ठावीस वर्षांचा असताना गेला, त्याच्या कामाची ढाल करून स्टुडिओंचा बचाव करू नका.

माझा स्वतःचा अनुभव डेव्हिड कोरेन्सवेटचा आहे. मे २०२४ मध्ये त्याचा पहिला फोटो आला, बूट चढवत बसलेला सुपरमॅन, आणि लोकांनी सुरकुत्या मोजल्या. सूट ढगळ आहे, चेहरा दमलेला आहे, आधीचा सुपरमॅन हेन्री कॅव्हिल परत आणा. कॅव्हिलबद्दलचा राग मी समजू शकते. ऑक्टोबर २०२२ मध्ये 'मी परत आलोय' असं त्याच्याच तोंडून सांगायला लावलं आणि डिसेंबरात घरी पाठवलं, कुठल्याही माणसाशी असं वागू नये. पण त्या नव्या मुलाचा काय दोष? जुलै २०२५ मध्ये सिनेमा आला तेव्हा त्याची पत्रकार मैत्रीण लॉइस त्याची मुलाखत घेते तो प्रसंग बघितला आणि माझी खात्री पटली. चिडतो, अडखळतो, बाजू मांडता येत नाही म्हणून तळमळतो. नट चांगला आहेच, पण तो प्रसंग कुणीतरी टेबलाशी बसून लिहिलाय! त्या सिनेमाचा दिग्दर्शक जेम्स गनचं सगळंच मला पटत नाही, पण पटकथा पूर्ण झाल्याशिवाय सिनेमा सुरू करणार नाही हे तो उघड सांगतो, आणि मंजूर झालेलं एक काम पटकथा जमेना म्हणून थांबवल्याचंही त्यानं सांगितलंय. एवढं साधं आहे ते. बाकीच्यांना का जमत नाही?

दिग्दर्शक मॅट रीव्ह्सचा दुसरा बॅटमन सिनेमा ऑक्टोबर २०२५ मध्ये यायचा होता, मग २०२६, आता ऑक्टोबर २०२७. त्याबद्दल माझी तक्रार नाही. लिहायला वेळ लागला म्हणून थांबले, थांबू दे. रॉबर्ट पॅटिन्सनच्या निवडीवर २०१९ मध्ये मी स्वतः भरवसा ठेवला होता आणि आजही ठेवते.

बॅटगर्लबद्दल बोलायलाच नको. लेस्ली ग्रेसनं अख्खा सिनेमा केला, कीटन होता, ब्रेंडन फ्रेझर होता, खर्च नऊ कोटी डॉलरच्या घरात गेल्याच्या बातम्या होत्या, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये तो कपाटात टाकून दिला. संकलन चालू असताना. तो वाईट असेल, भयानक असेल, मला तो वाईट आहे हे स्वतः बघून ठरवायचंय! एका मुलीचं आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम हिशेबाच्या वहीत तोटा दाखवायला वापरलं, आणि कुणाला लाजही वाटली नाही.

पोस्ट-क्रेडिट सीनमधली ती सगळी माणसं कुठे आहेत? हॅरी स्टाइल्स २०२१ मध्ये खलनायक थॅनोसचा भाऊ म्हणून आला. चार्लीझ थेरॉन २०२२ मध्ये जांभळ्या पोशाखात डॉक्टर स्ट्रेंजला बोलवून घेऊन गेली. ब्रेट गोल्डस्टीनचा हर्क्युलिस त्याच वर्षी. पुढे? शेवटची नावं सरकेपर्यंत आपण खुर्चीत बसून राहतो, सफाईवाले झाडू घेऊन उभे असतात, तरी आपण हलत नाही, कारण हे पुढे जाणार असं आपल्याला सांगितलेलं असतं.

आणि ब्लेड, मार्वलचा व्हॅम्पायर मारणारा नायक. याच्यासाठी मी कुणाशीही भांडेन. जुलै २०१९ मध्ये, त्याच सॅन डिएगोच्या स्टेजवर, महर्शाला अली 'ब्लेड'ची टोपी घालून उभा राहिला. दोन ऑस्करवाला नट, त्यानं स्वतःहून ही भूमिका मागितलेली. याहून चांगली निवड कुणी स्वप्नातही केली नसती. मग दिग्दर्शक आला आणि गेला, दुसरा आला आणि गेला. लेखक किती बदलले त्याला धरबंद नाही. तारखा २०२३, २०२४, २०२५ अशा सरकत सरकत शेवटी ऑक्टोबर २०२४ मध्ये वेळापत्रकातून नावच काढलं. आजवर अलीचा ब्लेड आपल्याला भेटलाय तो फक्त आवाजानं, २०२१ च्या एका सिनेमाच्या शेवटी, किट हॅरिंग्टनच्या मागून एक वाक्य. बस्स. 'ब्लेड'साठी जमवलेले जुन्या काळचे कपडेसुद्धा रायन कूगलरच्या 'सिनर्स'च्या कामी आले. कपड्यांना सिनेमा मिळाला, अलीला नाही! मधल्या काळात वेस्ली स्नाइप्सला २०२४ मध्ये कॅमिओसाठी आणलं, थिएटर दणाणलं, मीही ओरडले, कारण १९९८ चा तो ब्लेड नसता तर पुढचं हे काहीच उभं राहिलं नसतं. पण त्या टाळ्या ऐकून तरी कुणाच्या डोक्यात यायला हवं होतं की या पात्राची लोकांना किती भूक आहे.

रक्त पिणारी माणसं, एक तलवार, अर्धा माणूस आणि अर्धा राक्षस असलेला नायक. याची पटकथा इतक्या वर्षांत लिहून होत नाही? मग अलीला तसं सरळ सांगा आणि मोकळं करा, त्याच्या उमेदीची वर्षं आपल्या वेळापत्रकात अडकवून ठेवू नका. आणि करणार असाल तर आता स्टेज नको, खुर्च्या नकोत, टोपी नको, लोगो नको. शेवटचं पान लिहून झालं की त्या दिवशी सांगा. मी रांगेत पहिली असेन.