सुसु, भिशी आणि तुमचा आक्षेप

नमस्कार. तुम्ही मनापासून आणि सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देते. आम्स्टरडॅममधल्या घानाच्या बायकांच्या 'सुसु'वर, म्हणजे त्यांच्या भिशीवर, मी लेख लिहिला, त्यावर तुमचं म्हणणं असं: एक, भिशी लावून कुणी सक्षम होत नसतं, दोन, त्यांचा समाज मातृसत्ताक, मग सक्षमीकरण कसलं करायचं?

दुसऱ्यापासून सुरुवात करते, कारण तो घोळ माझाच. घानातल्या अकान लोकांत, म्हणजे अशांती, फांती वगैरेंत, मूल आईच्या कुळाचं, 'अबुसुआ'चं. एवढंच सांगून मी पुढे गेले. पण कूळ आईचं म्हणून राज्य बाईचं, असं नसतं. रीतीप्रमाणे नवरा वारला की त्याची मिळकत त्याच्या कुळात, भावाकडे नाहीतर भाच्याकडे जायची. बायको-मुलं दुसऱ्या कुळाची, त्यांच्या हाती काही नाही. राहत्या घरावर त्यांचा हक्क मानणारा कायदा तिथे 1985 साली आला. याच रीतीची दुसरी बाजू मात्र मला फार आवडते: नवरा-बायकोचा पैसा एका डब्यात जात नाही. तिची कमाई तिचीच. घानाची राजधानी अक्रा, तिथल्या मकोला बाजारातल्या व्यापारी बायकांचा दबदबा एवढा, की 1979 मध्ये लष्करी राजवटीनं महागाईचं खापर त्यांच्यावर फोडून बाजारच पाडून टाकला.

अशा मुलखातली बाई नवऱ्यामागून नेदरलँड्सला येते, आणि तिचा राहण्याचा परवाना नवऱ्याच्या परवान्याला बांधलेला असतो. स्वतःचा मिळवायला साधारण 5 वर्षं आणि डच भाषेची परीक्षा. घरात मारहाण होत असेल तर आधीही मिळू शकतो, पण ती सिद्ध करायची, तीही परक्या भाषेत. (माझंही इथलं पहिलं कार्ड नवऱ्याच्या नोकरीवरच होतं. कमावती मुलगी होते मी पुण्यात! त्या कार्डाकडे बघून काय वाटायचं ते अजून आठवतं.) म्हणजे या बायकांना आपण काही द्यायचं राहू दे, त्यांच्याकडे होतं तेच इथे येताना गेलं.

आता सुसु. आम्स्टरडॅमच्या बायलमर भागातल्या माझ्या शेजारणीच्या सुसुत 10 जणी आहेत, महिन्याला 200 युरोचा हप्ता. बहुतेकजणी पहाटे ऑफिसांची साफसफाई करतात. कंत्राट सहा-सहा महिन्यांचं, बँक कर्ज देणार कशाला? गेल्या वर्षी एकीनं आपल्या पाळीचे 2000 युरो उचलले ते वकिलाकडे गेले, परवाना वेगळा करून घ्यायला. नवऱ्याला कळलं ते कागद हातात आल्यावर. बाकीच्या नऊजणींना आधीपासून माहीत होतं.

तुमचं एक मात्र खरं. पावती नाही, कागद नाही. एखादी पहिली पाळी घेऊन गायब झाली तर दाद कुठे मागणार? एका सुसुत असं झालंय, आणि त्या बायका आजही एकमेकींशी बोलत नाहीत. शिवाय बराच पैसा गावाकडच्या अंत्यविधींत जातो. तिथे मयत म्हणजे आपल्याकडच्या लग्नाएवढा खर्च, आणि वर्गणी चुकवली तर चारचौघांत नाव निघतं. सुसुनं परवान्याचा कायदा बदलत नाही, हेही मान्य. पण वकिलाची फी कुठून आली असती, ते तुम्हीच सांगा.

लेखात 'मातृसत्ताक' होतं तिथे आता 'मातृवंशीय' केलं आहे. वारसाहक्काचा परिच्छेदही आज रात्री जोडते.