प्राण्यांचे गट सहा नाहीत

सहा रंगीत चौकोनांचा एक तक्ता मोबाइलवर सारखा फिरत असतो. सस्तन, पक्षी, सरपटणारे, उभयचर, मासे, कीटक. वर शीर्षक: प्राण्यांचे सर्व गट. प्रत्येक चौकोनात चित्रं आणि एकेक ओळ: सस्तन प्राणी पिल्लांना जन्म देतात, बाकीचे अंडी घालतात, मासे पाण्यात राहतात, कीटकांत मुंगी, फुलपाखरू, कोळी. शेवटी सल्लाही असतो, की एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे, शास्त्रज्ञांची बाकीची नावं दर काही वर्षांनी बदलतातच. मुलं हा तक्ता पाठ करतात आणि पुढे ते पुसून काढणं फार जड जातं, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो.

आधी ‘सर्व’ हा शब्द. प्राण्यांच्या सुमारे 15 लाख जातींची आजवर नोंद झाली आहे. त्यात पाठीचा कणा असलेल्या जाती शंभरात पाचसुद्धा भरत नाहीत, आणि तक्त्यातले सहापैकी पाच चौकोन त्यांनाच दिले आहेत. मग गांडूळ कुठे ठेवायचं? गोगलगाय, तारामासा, प्रवाळ, स्पंज, जंत? जीवशास्त्रात प्राण्यांच्या सगळ्यात मोठ्या गटांना संघ म्हणतात आणि असे तीसहून अधिक संघ आहेत. कणा असलेले सगळे प्राणी एकत्र केले तरी त्यांचा मिळून एक अख्खा संघ होत नाही. त्यांच्याच समपृष्ठरज्जू संघात हर्डमानिया हा समुद्री प्राणी बसतो, जो मोठेपणी खडकाला चिकटलेल्या पिशवीसारखा दिसतो. अशा प्राण्यांच्या पोहणाऱ्या पिल्लाच्या शेपटीत पृष्ठरज्जू, म्हणजे शरीराला आधार देणारा लवचीक दांडा, असतो आणि तीच या संघाची खूण, हे रशियन शास्त्रज्ञ कोवालेव्स्की यांनी 1866 मध्ये दाखवलं.

सहाचा आकडा जुनाच आहे. वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या स्वीडनच्या लिनियसने 1758 मध्ये प्राण्यांचे सहा वर्ग केले होते: सस्तन, पक्षी, उभयचर, मासे, कीटक आणि कृमी. साप-सरडे त्याने उभयचरांत घातले होते, आणि कृमींत जे कुठेच बसेना ते सगळं. पण निदान गांडुळाला त्याच्याकडे जागा होती. आजच्या तक्त्यात तीही उरली नाही.

पिल्लांना जन्म देतो तो सस्तन, हे तर साफ चूक. घोणस पिल्लांना जन्म देते, कितीतरी शार्कही देतात. उलट ऑस्ट्रेलियातला प्लॅटिपस अंडी घालतो आणि तरी तो सस्तनच आहे, कारण अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू आईच्या दुधावर वाढतं. प्लॅटिपसच्या मादीला स्तनाग्रं नसतात, दूध पोटाच्या कातडीतून पाझरतं. अंगावर केस, पिल्लाला दूध आणि मध्यकर्णात तीन हाडं, ही सस्तनांची खरी ओळख.

कोळी कीटक नाही. कीटकाला सहा पाय आणि दोन मिशा, कोळ्याला आठ पाय आणि मिशा नाहीतच. दोघेही संधिपाद, म्हणजे सांधे असलेल्या पायांचे, आहेत, नातं तेवढंच.

आता मासे. पाण्यात राहतो तो मासा, असं म्हणण्यामागे गृहीत हे आहे की राहणीमान सारखं म्हणजे घराणं एक. इथेच सगळा तक्ता घसरतो. फुप्फुसाने हवेत श्वास घेणाऱ्या फुप्फुसमाशाचं रोहूशी जितकं जवळचं नातं आहे, त्याहून जवळचं गाईशी आहे, कारण गाईचा आणि त्याचा सामाईक पूर्वज रोहूचा फाटा वेगळा झाल्यानंतरचा आहे. मगरीचंही तसंच. सरड्यापेक्षा पक्षी तिला जवळचे. म्हणून पक्षी आणि सरपटणारे यांचे दोन चौकोन शेजारी शेजारी मांडता येत नाहीत. पक्ष्यांची फांदी सरीसृपांच्याच झाडावर आहे. वर्गीकरण विचारतं ते कोण कोणाचा नातलग, कोण कसा दिसतो हे नव्हे.

दिसण्यावर विसंबलं की काय होतं, ते बार्नॅकल या समुद्री प्राण्याकडे पाहून कळतं. भरतीच्या रेषेतल्या खडकांवर, होड्यांच्या बुडाला बोटाच्या पेराएवढे पांढरे, कडक सुळके घट्ट चिकटलेले असतात. कोणीही शिंपल्याचाच भाऊ म्हणेल, आणि शतकानुशतकं तसंच मानलं गेलं. पाणी चढलं की सुळक्याच्या टोकाची झडप उघडते, आतून पिसासारखा पंजा बाहेर येतो, पाण्यात फटकारा मारतो आणि मिटतो. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. हा पंजा म्हणजे त्याचे सांधे असलेले पाय. डोकं खडकाला चिकटवून हा प्राणी उलटा राहतो आणि पायांनी अन्न तोंडाकडे ओढतो. 1830 मध्ये निसर्ग-अभ्यासक जॉन व्हॉन थॉम्पसन यांनी बार्नॅकलची पिल्लं वाढताना पाहिली. ती पाण्यात मोकळी पोहत होती, कोळंबी-खेकड्यांच्या पिल्लांसारखी. शिंपल्याच्या घरातून बार्नॅकल कवचधाऱ्यांच्या, म्हणजे कोळंबी-खेकड्यांच्या, घरात आला तो यामुळे. डार्विनने पुढे या एका गटावर आठ वर्षं घालवली.

राहिला नावं बदलण्याचा मुद्दा. नावं बदलतात हे खरंच आहे. पण ती बदलायला पुरावा लागतो, आणि देवमाशाचं उदाहरण त्यासाठी पुरेसं आहे. लिनियसने 1735 मध्ये त्याला माशांत घातलं आणि 1758 मध्ये स्वतःच बाहेर काढून सस्तनांत आणलं. 1990 च्या दशकात डीएनएच्या तुलनेतून दिसलं की आज जिवंत असलेल्यांत त्याचा सगळ्यात जवळचा नातलग पाणघोडा आहे. जीवाश्मांचे अनेक अभ्यासक हे मानायला तयार नव्हते. मग 2001 मध्ये पाकिस्तानात सापडलेल्या, पाय असलेल्या प्राचीन देवमाशांच्या घोट्याची हाडं समोर आली. त्या हाडाला दोन्ही टोकांना कप्पीसारखी खाच होती. अशी दुहेरी खाच गाय, हरीण, डुक्कर आणि पाणघोडा यांच्याच घराण्यात आढळते.