असल्या ठिकाणी राहतं कोण?

सकाळी भाच्याने घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. ऑफिसच्या कामाला गेलाय, कंपनीने स्वस्तातलं जुनं हॉटेल बुक करून दिलंय. पिवळा पडलेला स्विचबोर्ड, सनमायका सुटलेलं कपाट, खिडकी उघडली की हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत. खाली लिहिलंय, 'असल्या ठिकाणी राहतं कोण?' आणि त्यावर सगळ्यांच्या हसऱ्या बाहुल्या.

मी राहिलेय रे. सहा आठवडे. तुझ्या आजोबांना घेऊन.

रेडिएशनला आठवड्यातले पाच दिवस जावं लागायचं. मशीनखाली काही मिनिटं, की झालं. तेवढ्यासाठी अ‍ॅडमिट करून घेत नाहीत. घर लांब, रोज ये-जा शक्य नाही, त्या शहरात ओळखीचं कुणी नाही. मग हॉस्पिटलपासून चालत जाता येईल आणि सहा आठवडे परवडेल, अशी खोली शोधायची. ती नवीकोरी असणार आहे का? आमच्या मजल्यावर बहुतेक दारांबाहेर हॉस्पिटलच्याच पिशव्या दिसायच्या. हसणाऱ्यांपैकी एकाला तरी हे सुचलं का?

गरम पाणी सकाळी सहा ते नऊ, एवढंच. एकदा रात्री दोनला बाबांना हुडहुडी भरली. मी खाली धावले. काउंटरमागे सतरंजीवर झोपलेले काका उठले, पाणी तापवलं आणि रात्री लिफ्ट बंद म्हणून बादली घेऊन तीन जिने चढून आले. दुसऱ्या दिवशी न मागता आम्हाला पहिल्या मजल्यावरची खोली दिली.

ढेकूण निघाले तर भांडा, पैसे परत मागा. आगीच्या वेळी उतरायच्या जिन्यात गाद्या रचून ठेवल्या असतील तर सरळ तक्रार करा, तिथे जिवाशी खेळ आहे. हे मान्य. पण ढेकूण प्रवाशांच्या सामानातून येतात, महागड्या हॉटेलातही येतात. जुनं म्हणजे घाणेरडं नव्हे. आमच्या चादरी विरलेल्या होत्या, पण रोज धुतलेल्या होत्या.

आणि चिडायचंच तर अमेरिकेतल्या केमन्स विल्सनसारखं चिडा. १९५१ साली बायको-मुलांना घेऊन प्रवासाला निघाला, तर मुक्कामाच्या ठिकाणी दर मुलामागे जादा पैसे मागितले. १९५२ साली त्याने मेम्फिस शहरात 'हॉलिडे इन' नावाच्या हॉटेलांतलं पहिलं हॉटेल काढलं. आईवडिलांच्या खोलीत झोपणाऱ्या मुलांचे पैसे घ्यायचे नाहीत, हा त्याचा नियम. अडलेल्या माणसाकडून पैसे उकळण्यावर राग काढा ना, स्विचबोर्डवर कसला काढता!

आमच्या शेवटच्या दिवशी मशीन बंद पडलं. नंबर गेला संध्याकाळवर, आणि चेक-आउट दुपारी बारा. मी पाकीट उघडून काउंटरवर उभी. काका म्हणाले, "ताई, त्यांना वर झोपू द्या. खोली कुठे पळतेय?"

सोन्या, तू दमून आला असशील, खोली बघून वैतागला असशील. कळतं मला. फोटो काढून टाक मात्र.

निघताना किल्ली बाबांनीच काउंटरवर ठेवली. सवयीने म्हणाले, "येतो हं."

काकांनी दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला. "नका येऊ बाबा. आलात तर फिरायला या."