लॅम्प्रे, वाम आणि परजीवीपणा : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

रुपेरी लॅम्प्रे या उत्तर अमेरिकेतल्या, इतर माशांना चिकटून त्यांचे रक्त पिणाऱ्या माशावरील लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. हा मासा म्हणजे आपल्या तापी-गिरणेतली वामच, मग परदेशी नावाचे अवडंबर कशाला, हा पहिला; आणि वर्षानुवर्षे गाळात राहून शेवाळ खाणाऱ्या जिवाला परजीवी म्हणणे ही विसंगती आहे, हा दुसरा.

पहिल्याची शहानिशा भुसावळच्या मासळीबाजारातही होईल. वामीला जबडे असतात, कल्ल्यांवर झाकण असते आणि पाठीवर हाताला टोचणारे काटे असतात. लॅम्प्रेला यांपैकी काहीच नसते. भारतातल्या नद्यांत तो सापडतही नाही. त्यामुळे आपल्याकडच्या रोहूच्या अंगावर लाल व्रण दिसलेच, तर लॅम्प्रेचा नव्हे, आधी संशय घ्यावा तो माशांवरील उवांचा.

दुसरा आक्षेप अधिक मोलाचा आहे. उत्तर अमेरिकेतल्या ओढ्यांच्या खडीत घातलेल्या अंड्यांतून बाहेर पडणारी लॅम्प्रेची अळी आंधळी आणि बिनदाताची असते. गाळात पुरून घेऊन, पाण्यातले सूक्ष्म कण गाळून खात ती काही वर्षे काढते. मग काही महिन्यांत तिचे रूप पालटते : डोळे उघडतात आणि तोंडाच्या जागी दातेरी चकती तयार होते. या चकतीने हा प्रौढ लॅम्प्रे मोठ्या माशाला चिकटतो, जिभेवरच्या दातांनी कातडी खरवडतो आणि रक्त गोठू न देणारा स्राव जखमेत सोडतो. तोंड असे गुंतलेले असल्यामुळे श्वासाचे पाणी दोन्ही बाजूंच्या सात-सात छिद्रांतूनच आत येते आणि बाहेर जाते. ही सोय मला तरी त्या दातांहून विलक्षण वाटते. पुढे आतडे आक्रसते, खाणे थांबते, आणि ओढ्यात परतून अंडी घातल्यावर नर-मादी दोघेही मरतात.

म्हणजे परजीवीपणा हा त्याच्या आयुष्याचा एक टप्पा आहे, आणि तोही अळीच्या काळापेक्षा पुष्कळ लहान. त्याच्या जवळच्या नात्यातला उत्तरेकडील ओढ्यांतला लॅम्प्रे तर तो टप्पाच गाळतो; रूपांतरानंतर तो काहीही न खाता अंडी घालून मरतो.

‘सगळ्या माशांचा काळ’ हे आपल्या प्रतिक्रियेतले वर्णन समुद्री लॅम्प्रे या दुसऱ्या जातीला अधिक शोभते. उत्तर अमेरिकेतल्या महासरोवरांना जोडणाऱ्या वेलंड कालव्यामुळे नायगारा धबधब्याचा अडसर टळून तो 1921 मध्ये त्यांपैकी ईरी सरोवरात आढळला, आणि पुढे वरच्या सरोवरांतल्या ट्राउटची त्याने दाणादाण उडवली. 1958 पासून त्याच्यावर टीएफएम हे लॅम्प्रेच्या अळ्या मारणारे रसायन वापरले जाते, परंतु ते सोडतात ओढ्यांत, गाळातल्या अळ्यांवर, आणि तिथेच वाढणाऱ्या, मूळच्या रहिवासी रुपेरी लॅम्प्रेच्या अळ्याही त्यात मरतात.