एच-इंडेक्स ९

नाशिकच्या एका संस्थेत ग्रंथपाल म्हणून काम करताना गेल्या काही वर्षांत माझ्याकडे एक नवी जबाबदारी आली आहे. निवडीच्या किंवा पदोन्नतीच्या वेळी प्रत्येक उमेदवाराचे शोधनिबंध, त्यांची सायटेशन (इतर निबंधांत त्यांना मिळालेले संदर्भ) आणि एच-इंडेक्स यांचा तक्ता करून समितीपुढे ठेवायचा असतो. अलीकडेच झालेल्या एका बैठकीनंतर त्या तक्त्याविषयी माझ्या मनात जे साचले आहे, ते इथे लिहीत आहे.

उमेदवारांमध्ये मेंदूविज्ञानातील एक संशोधिका होती. ओळख पटू नये म्हणून अधिक तपशील देत नाही. उंदरांच्या स्मृतीवर तिचे काम आहे एवढे पुरे. तिच्या नावावर ११ वर्षांत १४ निबंध आणि एच-इंडेक्स ९. म्हणजे तिच्या ९ निबंधांचा प्रत्येकी किमान ९ वेळा इतर निबंधांत संदर्भ दिला गेला आहे. दुसऱ्या एका उमेदवाराचा हाच आकडा २१ होता. तिच्या नावावरची चर्चा पाच मिनिटेही चालली नाही आणि तिचा एकही निबंध कोणी उघडला नाही. समोर होता तो माझाच तक्ता, ही गोष्ट मला अजून छळते.

एच-इंडेक्स ही कल्पना होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली मांडली. संख्या आणि प्रभाव दोन्ही एकाच आकड्यात पकडायचे, हा तिचा हेतू. पण हा आकडा वयाबरोबर वाढतो आणि कधीच कमी होत नाही. शिवाय तो विषयाविषयांत इतका बदलतो की गणितज्ञाचा आणि जीवशास्त्रज्ञाचा आकडा शेजारी ठेवण्यात अर्थ नसतो. मेंदूविज्ञानातल्या मेंदूविज्ञानातही हीच अडचण आहे. जिवंत प्राण्याच्या मेंदूत सूक्ष्म इलेक्ट्रोड बसवणे, त्याला महिनोन्महिने सराव देणे, मिळालेल्या संकेतांतून एकेका पेशीचा आवाज वेगळा काढणे, यात एका निबंधामागे तीन-चार वर्षे सहज जातात. त्याच काळात इतरांच्या कामाचा आढावा घेणारे पाच निबंध लिहून होतात, आणि आढाव्यांना संदर्भही जास्त मिळतात. आढावा लिहिणे कमी दर्जाचे आहे असे मी म्हणत नाही. श्रमाची जात वेगळी आहे, एवढेच.

सायटेशन म्हणजे गुणवत्तेची पावती, असे आपण गृहीत धरतो. जगात सर्वाधिक संदर्भ मिळालेला निबंध ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांचा, १९५१ सालचा. त्याचे संदर्भ ३ लाखांच्या वर गेले, कारण द्रावणातील प्रथिने मोजण्याची एक सोयीची पद्धत त्यात दिली होती. पद्धत उपयोगी होती म्हणून सर्वांनी तिचे नाव घेतले. उलट बाजूचे उदाहरण अल्झायमरचे आहे. २००६ साली नेचर या विज्ञान नियतकालिकात आलेल्या एका निबंधात अमायलॉइड बीटा या मेंदूत साचणाऱ्या प्रथिनाच्या एका विशिष्ट रूपाचा संबंध स्मृतिभ्रंशाशी जोडला होता. २ हजारांहून अधिक निबंधांनी त्याचा हवाला दिला. २०२२ मध्ये त्यातील प्रतिमांवर जाहीर आक्षेप आले आणि २०२४ मध्ये तो मागे घेतला गेला. ते सारे हवाले मात्र मोजणीत आधीच जमा झालेले होते.

बैठकीनंतर मी त्या संशोधिकेचे तीन निबंध घरी आणून वाचले. चार संध्याकाळी लागल्या, बरेचसे कळलेही नाही. तिसऱ्या निबंधात मात्र थांबले. तिने स्वतःचाच जुना प्रयोग अधिक प्राण्यांवर पुन्हा केला होता आणि पहिला निष्कर्ष टिकत नाही, असे स्वच्छ शब्दांत छापले होते. या निबंधाला ४ संदर्भ आहेत. तिच्या एच-इंडेक्समध्ये त्याचा वाटा शून्य, कारण तो ९ च्या रेषेखाली राहतो. तिचा जुना निबंध, ज्याचा निष्कर्ष तिनेच मागे घेतला, तो मात्र त्या नऊंमध्ये मोजला जातो.

हे धैर्य किती मोलाचे आहे, हे समजण्यासाठी २०१३ सालचा कॅथरीन बटन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास पाहावा. त्यांनी तपासलेल्या मेंदूविज्ञानातील अभ्यासांची मध्यक सांख्यिकीय क्षमता सुमारे २१ टक्केच निघाली. म्हणजे परिणाम खरोखर असला, तरी तो सापडण्याची शक्यता पाचात एक. आणि इतक्या लहान अभ्यासांत जे सापडते, तेही पुष्कळदा फुगलेले असते. ज्या विषयाची अवस्था अशी आहे, त्यात स्वतःचे काम पुन्हा तपासणारी व्यक्ती समितीला सर्वांत आधी दिसायला हवी होती.

आकडे फेकून द्यावेत, असे माझे म्हणणे नाही. वशिल्याने होणाऱ्या निवडी मी पाहिल्या आहेत, आणि वशिल्यापेक्षा आकडा बरा. पण वाचण्याचे काम तो करू शकत नाही. नियतकालिकाच्या मोजमापावरून माणसाची किंमत ठरवू नका, असे संशोधनाच्या मूल्यमापनाविषयीचा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा २०१३ पासून सांगतो आहे. राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या म्हसरूळला आहे. वैद्यकीय अध्यापकांच्या बढत्या आणि निबंधांची संख्या यांचे नाते या शहराला कोणी वेगळे समजावून सांगायला नको.

पुढच्या तक्त्यात मी एक रकाना वाढवला आहे. उमेदवाराने स्वतः निवडलेले तीन निबंध आणि त्यांतील त्याचे नेमके काम. त्या निबंधांच्या छापील प्रती बैठकीच्या आठ दिवस आधी सदस्यांच्या हाती देण्याची परवानगी मी लेखी मागितली आहे. उत्तर अजून आलेले नाही. प्रती काढून ग्रंथालयात ठेवल्या आहेत.